औंढ्याकडून नेमके काय मागायचे

मुखेडहून नांदेड, वसमत करत औंढा नागनाथला जाणारा माणूस आजवर ज्योतिर्लिंगासाठी जात आला. आता त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वाच्या जन्माचा आवाज मराठवाड्यात ऐकू येणार, असे म्हणायचा मोह यामुळे होतो. तो आवरलेला बरा. चार-चार किलोमीटर भुजांचे हे यंत्र सेकंदाला दहाएक ते काही हजार कंपनांच्या लहरीच टिपते. आद्य विश्वात क्वार्कांचे प्रोटॉन होताना लहरी उठल्या असल्याच, तर प्रसरणाने ताणून त्यांचे एकेक कंपन आज महिने, कदाचित वर्षे घेत असेल. त्यांचा माग काढायचा तर नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण हवी; ती स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजते. जून २०२३ मध्ये तिथल्या आणि युरोपातल्या नोंदी जोडून अशा मंद लहरींची चाहूल जाहीरही झाली. पण महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांनीही तिचा उलगडा होतो, तेव्हा आद्य विश्वाला श्रेय देण्याची घाई नको.

आद्य विश्वात कृष्णविवरेही घडली असतील, तर कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, काही अंशी त्यांचाच असू शकतो. मग औंढ्याचा कृष्णद्रव्याशी संबंध काय? एक आहे, आणि तो पक्का आहे. तारा कोसळून झालेले कृष्णविवर सूर्याहून हलके नसते. त्यामुळे सूर्याहून हलक्या दोन कृष्णविवरांची टक्कर सापडली, तर ती कृष्णविवरे तारे जन्मण्याआधीच घडली होती असे मानण्यावाचून फारसा पर्याय उरणार नाही, आणि कृष्णद्रव्याचा निदान एक वाटा हाती लागेल. अशी टक्कर अजून निर्विवादपणे मिळालेली नाही, हा आक्षेप खरा. पण न मिळणेही मोजता येते: यंत्रे जितकी तीक्ष्ण, तितकी अशा कृष्णविवरांच्या संख्येची कमाल मर्यादा खाली येते, आणि कृष्णद्रव्य म्हणजे एखादा अज्ञात कण असावा या मताला तेवढे बळ मिळते. दुसरा आक्षेप जमिनीचा. हिंगोली-नांदेडला भूकंपाचे धक्के बसतात, मार्च २०२४ मध्येही बसले. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी हालचाल मोजणाऱ्या यंत्राचे आरसे तिथे कसे निभावणार? धक्का चालू असताना निरीक्षण थांबेल, हे उघड आहे. मात्र हिंगोलीचा धक्का अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या अशाच यंत्रांत त्याच क्षणी उमटत नाही. खरी लहर काही शतांश सेकंदांच्या फरकाने सगळीकडे उमटते, आणि तो फरकच तिची दिशा सांगतो. शिवाय हलक्या जोडीची लहर यंत्रात कित्येक मिनिटे रेंगाळते. तेवढ्यात एखादे यंत्र धक्क्याने बंद पडले, तरी बाकीची चालू राहावीत एवढी यंत्रे जगात हवीत.