किडीचे कुळ आणि आपले कर्तव्य

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसली, की बांधापलीकडच्या शेजाऱ्यास बोल लावण्याचा मोह जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्यास होणे स्वाभाविक आहे. जनुकशास्त्र मात्र निराळीच साक्ष देते. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत व २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. आणि येथील अळ्यांची जनुके आफ्रिकेतील अळ्यांशी निकटचे नाते सांगतात. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. त्यास बांध कसला? तेव्हा कीड आली याचा दोष शेजाऱ्याचा नव्हे. परंतु एवढ्याने आपण मोकळे होतो काय? आमच्या मते, नाही. आपल्या शेतातील अंडीपुंज वेळीच न चिरडणारा स्वतःबरोबर परक्याचेही पीक पणास लावतो. कुळ शोधणे शास्त्राचे काम. पुढचा प्रसार रोखणे हा आपला सर्वांचा धर्म होय.