गैरहजर शेजारी

गेल्या वर्षी शब्बाथशाळेत ‘इतर धर्म’ हा पाठ आमच्या वाट्याला आला. आमची मंडळी हैदराबादेस आबिड्स भागात जमते. मुलांमध्ये मराठी बोलणारी थोडी, तेलुगू बोलणारी पुष्कळ, आणि शेजारपाजार सर्व धर्मांचा. आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. एकात धर्माचे नाव, दुसऱ्यात त्यातील उणीव. इस्लामपुढे लिहिले की, मुसलमान भीतीपोटी देवाला भजतो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक दहा वर्षांचा मुलगा उठून म्हणाला, “पण सर, आमच्या शेजारचे चाचा पहाटे नमाजाला जातात, ते तर घाबरलेले दिसत नाहीत.”

मुले हसली. आम्हीही हसलो आणि पुढच्या रकान्याकडे वळून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी घरी जाताना चैन पडेना.

आबिड्समध्ये चिराग अली गल्ली आहे. तिथे सेंटेनरी मेथडिस्ट चर्च असल्यामुळे आपल्या लोकांना ती चांगली परिचयाची. ज्यांचे नाव या गल्लीला मिळाले ते मौलवी चिराग अली निजामाच्या दरबारी अधिकारी होते आणि १८९५ साली वारले. मलकम मॅक्कॉल नावाच्या एका इंग्रज पाद्रीसाहेबांनी मुसलमानी राज्यात सुधारणा होणे शक्य नाही अशा अर्थाचे लिहिले होते. त्याला चिराग अलींनी १८८३ साली सबंध ग्रंथ लिहून उत्तर दिले. पुढे १८८५ साली त्यांनी जिहादविषयी दुसरा ग्रंथ लिहिला. इस्लाम तलवारीने पसरला, असे जे पाश्चात्य लेखक म्हणत, त्यांना तो जबाब होता. म्हणजे आम्ही ज्या गल्लीतून दर रविवारी चालत जातो, तिला नाव आहे ते आमच्यासारख्यांच्या फळ्यावरील रकान्यांना उत्तर देणाऱ्या माणसाचे!

आणखी एक योग पाहा. पाद्री हेन्री मार्टिन यांनी नव्या कराराचे उर्दू आणि फारसी भाषांतर केले आणि १८१२ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी, तुर्कस्तानात तोकात येथे देह ठेवला. त्यांच्या नावाची संस्था १९३० साली लाहोरात निघाली. मुसलमानांत सुवार्ता सांगणाऱ्या सेवकांना तयार करावे, हा तिचा मूळ हेतू. ठिकठिकाणी बिऱ्हाड हलवीत ती १९७० नंतरच्या वर्षांत हैदराबादेस आली. काही वर्षे तिचे कार्यालय याच चिराग अली गल्लीत होते. आता ती शिवरामपल्लीस आहे. १९९० च्या दंगलीनंतर जुन्या शहरात हिंदू आणि मुसलमान दोघांना एकत्र आणण्याचे कामही तिने अंगावर घेतले. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे कॅनडाचे ख्रिस्ती विद्वान १९४० नंतरच्या वर्षांत लाहोरास इस्लामचा इतिहास शिकवीत होते. त्यांनी पुढे एक कसोटी सांगितली. ती थोडक्यात अशी की, एखाद्या धर्माविषयी आपण केलेले विधान त्या धर्माच्या माणसाला आपले म्हणून मान्य होत नसेल, तर ते खरे धरू नये.

ही कसोटी नवी नाही, असे आम्हांस वाटते. नवव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई आहे, आणि शेजारी कोणत्या धर्माचा असावा हे तिथे सांगितलेले नाही.

कोणी म्हणेल, आमच्या जुन्या मिशनऱ्यांनी परधर्मावर काय थोडे कोरडे ओढले? ओढले खरे. जॉन विल्सनसाहेब १८२९ साली मुंबईस आले आणि पुढे मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. १८३२ साली विल्सनसाहेबांनी पुस्तक छापले, त्याचे नावच हिंदुधर्माचे पितळ उघडे पाडण्याच्या भाषेत आहे. परंतु त्या पुस्तकाच्या आरंभी काय आहे? मोरभटांच्या ग्रंथाचे भाषांतर. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, मग आपले उत्तर. पुढे १८५७ साली मुंबईस समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालीत, तेव्हाही दोन्ही पक्ष समोरासमोर उभे असत आणि भोवती श्रोत्यांची गर्दी असे. भाषा कडक होती, पण समोरच्याला तोंड होते. आमच्या शब्बाथशाळेच्या वर्गात मोरभट नसतात. तिथे आरोपी गैरहजर, आरोप करणारे आम्ही, निकाल देणारेही आम्हीच. आणि ऐकणारी मुले आमच्यावर विश्वास टाकून बसलेली.

आणि आमचे प्रत्येक वाक्य खरे असले, तरी एवढ्याने साक्ष खरी होत नाही. दुसऱ्याच्या घरातील वाईट तेवढे वेचून आपल्या घरातील उत्तमाशेजारी मांडले, तर एकही शब्द खोटा न बोलता खोटी साक्ष देता येते. आपल्यावर हा प्रसंग आला की आपण लगेच ओळखतो. विहिरीत पाव टाकून गावे बाटवली ही गोष्ट आपण किती वेळा ऐकली असेल! ख्रिस्ती लोक तीन देव मानतात असे कोणी बोलले म्हणजे आपला जीव कसा तळमळतो! आणि आपण मात्र रोमन कॅथलिक बांधव मरीयेची पूजा करतात, असे मुलांना खुशाल सांगतो. त्यांच्या पाळकाला एकदा विचारून पाहण्याची तसदीही घेत नाही.

एक बाजू मात्र सोडून चालणार नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजा-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवू दिली नव्हती. त्यांना “परधर्माचे चांगले तेवढेच सांगा” म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. ते दुःख सांगितलेच पाहिजे. पण सांगताना चोखोबाही सांगावा, आणि सोयरीक जुळवताना आपल्या मंडळीत अजून हळूच कोणता प्रश्न विचारला जातो, तेही सांगावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तरी अभंग आणि कीर्तन त्यांनी टाकले नाही. ख्रिस्ताकडे येण्यासाठी तुकोबांना लहान करावे लागते, असे त्यांना वाटले नाही.

दुसरीकडे, “सगळे धर्म शेवटी एकच” असे सांगून सुटणारे शिक्षकही आम्हांस ठाऊक आहेत. ते गोड वाटते, पण त्या कसोटीला तेही उतरत नाही. कुराणात मरियमच्या नावाचा एक अध्याय आहे, ईसाचा मोठा मान आहे. पण वधस्तंभावरील त्याचे मरण कुराण मान्य करीत नाही. आपल्या विश्वासाचे तर तेच मर्म. हा भेद झाकला तर मुसलमान शेजारीही म्हणेल, हे माझे म्हणणे नव्हे.

मुले कच्ची आहेत, परधर्माची थोरवी ऐकून त्यांचा पाया ढासळेल, ही आई-बापांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्याही घरात मुले आहेत. परंतु हाच मुलगा उद्या कॉलेजात मुसलमान मित्राच्या बाकावर बसेल. मुसलमान भीतीपोटी भजतो हे खरे नाही, असे त्याला कळेल, तेव्हा तो एवढ्यावर थांबेल का? शब्बाथशाळेच्या सरांनी पुनरुत्थानाविषयी सांगितले तेही असेच होते काय, असे तो विचारणार नाही का?

पुढच्या आठवड्यात आम्ही पाठाची वही घेऊन त्या चाचांकडे गेलो. मुलगा बरोबर होताच. चाचांनी आधी चहा मागवला, मग चष्मा लावला आणि इस्लामवरचा मजकूर आमच्याकडून वाचून घेतला. दोन ठिकाणी त्यांनी हात वर केला. भीतीच्या वाक्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, “डर तो है, पाद्रीसाब. मगर रहमान का नाम पहले लेते हैं.” आम्ही पाळक नाही हे सांगायचे तेवढ्या गडबडीत राहून गेले. ते वाक्य आम्ही तिथल्या तिथे खोडले. मग वही मिटून त्यांनी विचारले, “आता तुम्ही सांगा, तीन देवांचे काय आहे? मी लहानपणापासून ऐकतो, पण तुमच्यापैकी कोणी समजावून सांगितले नाही.”

आम्ही तासभर बसलो. त्यांना पटले नाही. निघताना त्यांनी मुलाच्या हातात दोन खजूर ठेवले आणि पुढच्या शुक्रवारनंतर पुन्हा यायला सांगितले.