बोडी आणि तलाव

बोदलकसा तलावाच्या पाळीवर उभं असताना रेंज गेली आणि सोबतचा पुतण्या म्हणाला, "काका, नेट नसलं की कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा." तेव्हापासून हे वाक्य मला सलतं आहे.

१२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना काय सांगायचं! बाकीच्यांनी किविक्स हा मोफत प्रोग्राम घ्यावा, मराठी विकिपीडियाची फाइल एकदाच उतरवून घ्यावी, आपल्याच संगणकावर सर्व्हर सुरू करावा आणि ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकून पुढे कोलन (:) नि ८०८० लिहावं. वायफाय बंद असलं तरी लेख उघडतो. मागणी त्याच यंत्रातून निघते, उत्तरही तिथूनच येतं.

पुतण्याच्या मते हे सगळं प्रोग्रामरच्या चाचणीपुरतं; खरी सेवा क्लाउडवरच. मला हे मुळीच पटत नाही. जगातला पहिला वेब सर्व्हर सर्नमधलं टिम बर्नर्स-ली यांचं नेक्स्ट यंत्र होतं. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, असं हाताने लिहून त्यावर चिकटवलं होतं. पण पुतण्याचा दुसरा प्रश्न टाळता येत नाही: डिस्क गेली तर बघणार कोण?

राखणीचा हाच प्रश्न आमच्याकडे पाण्यालाही आहे: शेतकऱ्याची स्वतःची ती बोडी आणि गावाचा तो तलाव. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांची राखण गावं करत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी उपसायचा हे लोंबकळत राहिलं. बोदलकसाचं मातीचं धरण १९१७ चं, सरकारी, आणि अजून पाणी धरून आहे. मालक दोन्हीकडे सरकारच. मग मालकीवर मी एवढा भर का देत होतो?

घरोघरी आपापला सर्व्हर हवा, असं म्हणायला मी बसलो होतो. आता तसं वाटत नाही. १२७.०.०.१ ही बोडी झाली. शेजारच्या फोनला तिथलं काही मिळत नाही. तोच किविक्स शाळेच्या वायफायवर १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर ठेवला, तर वर्गातला प्रत्येक फोन नि टॅब तो उघडू शकतो, तोही इंटरनेटशिवाय. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या शाळांना मला हे हवं आहे. फाइलची दुसरी प्रत, इन्व्हर्टरची बॅटरी, दरवर्षी नवी फाइल, ही कामं कोणाची, ते शाळा व्यवस्थापन समितीने नाव घालून ठरावात लिहावं, आणि संगणक त्यानंतरच आणावा.