‘अपनेवाले’ कोण?

सहावीला हडप्पा संस्कृती शिकवताना आम्हा उर्दू शिक्षकांना एक सवाल हमखास येतो : “सर, ये लोग अपनेवाले थे क्या?” अकोला असो की अमरावती, सवाल तोच. ‘अपने’ आणि ‘पराये’ हा धडा मुले शाळेबाहेरच शिकून येतात.

‘हो’ म्हणून दिलासा द्यावा काय? आम्हाला ते पटत नाही. वंशावळीचा पुरावा हाती नसताना ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही खोटेच. मोहेंजोदडो आज पाकिस्तानात आहे. अमरावतीच्या निसर्गप्रेमींना 2007 मध्ये सातपुड्यात धारूळजवळ सापडलेले चित्रांचे शैलाश्रय मध्यप्रदेशात मोडतात. या सीमा त्या माणसांना ठाऊक नव्हत्या. खडकावर जनावरे रंगवणाऱ्या हातांची जात, मजहब आपल्याला सांगता येत नाही.

काही पालक म्हणतात, आपला इतिहास नंतरचा, दगडधोंडे कशाला? पण आपण स्वतःला बनी आदम म्हणवतो ना? मग आदमची काही लेकरे परकी कशी?

मोहेंजोदडोत सुती कापडाचा तुकडा मिळाला. वऱ्हाडच्या पोराला कापूस समजावून सांगावा लागत नाही. ओळख तिथून सुरू होते. वारसा रक्ताने सिद्ध होत नसेल, तर तो जाणून घेऊन आणि जपून आपला करता येतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.