लाखेने जोडलेले गवत: कॉम्पोझिट आणि अवयवीचा वाद

कॉम्पोझिट पदार्थात किमान दोन घटक असतात आणि ते एकमेकांत विरघळत नाहीत. भार पेलणारा घटक बहुधा तंतूंच्या रूपात असतो: काच, कार्बन किंवा अ‍ॅरामिड. दुसरा घटक, बहुधा इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन, त्या तंतूंना जागेवर धरतो आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवतो. पितळात तांबे कुठे संपते आणि जस्त कुठे सुरू होते हे दाखवता येत नाही. फायबरग्लासचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काचेचा प्रत्येक तंतू वेगळा मोजता येतो. तरीही त्या तुकड्याला सगळे जण एकच वस्तू मानतात. हे मानणे कितपत खरे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत कित्येक शतके लढवला गेला. अवयवांतून अवयवी नावाची नवी वस्तू खरोखर जन्मते, की अवयवांच्या जुळणीलाच एक नाव मिळते?

न्याय आणि वैशेषिक दर्शनांचे उत्तर ठाम आहे. सूत विणले की वस्त्र हे नवे द्रव्य उत्पन्न होते आणि ते समवाय, म्हणजे कधीच न सुटणाऱ्या संबंधाने सुतांत राहते. सुतांचा एकमेकांशी संयोग, म्हणजे सुटू शकणारा संबंध असतो, वस्त्राचा सुतांशी समवाय. बौद्धांना हे मान्य नाही. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त विचारले, की शरीर हा एकच अवयवी असेल, तर हात हलताना सगळे शरीर का हलत नाही? एक भाग झाकला तर सगळेच का झाकले जात नाही? पुढे पंडित अशोकाने ‘अवयविनिराकरण’ हा स्वतंत्र ग्रंथच या खंडनासाठी लिहिला. वजनाचाही मुद्दा निघाला: वस्त्र हे सुतांखेरीज वेगळे द्रव्य असेल, तर तराजूत त्याचे जादा वजन दिसायला हवे. कॉम्पोझिटच्या बाबतीत तराजू बौद्धांच्याच बाजूने बोलतो. तंतूंचे आणि रेझिनचे वजन मिळवले की तुकड्याचे वजन येते, वर काही उरत नाही.

या वादातली कॉम्पोझिटला सर्वांत जवळची जागा मात्र नैयायिकांच्याच ग्रंथात सापडते. न्यायसूत्रांत अवयवीच्या बाजूने असे म्हटले आहे, की वस्तूचा एक भाग धरला तर पूर्ण वस्तू धरली जाते आणि एक भाग ओढला तर पूर्ण वस्तू ओढली जाते. नुसत्या ढिगाऱ्यात असे होत नाही. भाष्यकार वात्स्यायनाने आपल्याच पक्षाच्या या युक्तिवादावर बोट ठेवले. धरणे-ओढणे शक्य होते ते ‘संग्रहा’मुळे, म्हणजे ओलावा आणि द्रवपणा यांतून येणाऱ्या चिकटून राहण्याच्या गुणामुळे. कच्च्या घड्यात तो पाण्यामुळे येतो, भाजलेल्यात अग्नीमुळे. त्याने उदाहरण दिले ते लाखेने जोडलेल्या गवताचे, दगडाचे आणि लाकडाचे. तिथे नवे द्रव्य उत्पन्न होत नाही, तरीही एक टोक ओढले की सगळे ओढले जाते. लाख हे नैसर्गिक रेझिन आणि गवत हा तंतू. म्हणजे भाष्यकाराने जवळजवळ कॉम्पोझिटच समोर ठेवले आणि ते अवयवी नाही असे सांगितले. अवयवी सिद्ध करण्यासाठी तो मग ‘ही एक वस्तू आहे’ या प्रतीतीकडे वळला. प्रामाणिक भाष्य कसे असते, याचा हा चांगला नमुना आहे.

आजचे मोजमाप या प्रश्नाला एकच उत्तर देत नाही. कोणता गुण मोजायचा, यावर ते अवलंबून राहते. ताठरपणा घेतला, तर काचेच्या तंतूचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 70 गिगापास्कल आणि इपॉक्सीचा सुमारे 3. एकाच दिशेत घातलेल्या तंतूंचे घनफळ 60 टक्के असेल, तर तंतूंच्या दिशेने गुणांक येतो 0.6 × 70 अधिक 0.4 × 3, म्हणजे जवळपास 43. ही सरळ भारित सरासरी आहे. तंतूंना काटकोनात ओढले तर बेरीज वेगळ्या रीतीने करावी लागते आणि उत्तर 7 च्या आसपास उतरते. पण तेही घटकांच्या आकड्यांतूनच निघते. इथे अवयवीला करण्यासारखे काही उरत नाही.

चिवटपणाची गोष्ट निराळी. काच ठिसूळ असते. घट्ट झालेले इपॉक्सी काचेइतके नसले तरी ठिसूळच. दोन ठिसूळ पदार्थांची सरासरी काढली तर ठिसूळ पदार्थच मिळायला हवा. प्रत्यक्षात काच-इपॉक्सी कॉम्पोझिट मोडायला लागणारी ऊर्जा दोघांच्याही कित्येक पट निघते. ए. ए. ग्रिफिथ याने 1920 च्या सुमारास दाखवले, की काचेची दुर्बलता तिच्यातल्या बारीक भेगांत असते आणि बारीक तंतूत मोठ्या भेगेला जागाच नसल्याने तो जाड कांडीपेक्षा खूप बळकट ठरतो. जे. कुक आणि जे. ई. गॉर्डन यांनी 1964 मध्ये पुढचा धागा उलगडला. रेझिनमधून धावत आलेली भेग तंतूपाशी पोहोचते, तेव्हा तिच्या टोकापुढचा ताण तंतू-रेझिनची सीमाच थोडी उकलतो. भेग वळते, बोथट होते, अडकते. नंतर तुटलेले तंतू आपापल्या भोकांतून ओढून काढावे लागतात आणि त्या घर्षणात आणखी ऊर्जा खर्च होते. हा गुण तंतूत नाही, रेझिनमध्ये नाही. तो दोघांमधल्या सीमेत आहे. शिवाय ती सीमा फार पक्की असून चालत नाही. बंध अति घट्ट झाला तर भेग थेट तंतूतून आरपार जाते, फार सैल झाला तर भार तंतूंपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून काचेच्या तंतूंवर सिलेन या जोडणाऱ्या रसायनाचा लेप देऊन हा बंध नेमका साधावा लागतो. नैयायिकांनी गौण मानलेला संयोग इथे मुख्य पात्र होतो, आणि ‘अवयवांपलीकडे काही नाही’ हे बौद्धांचे म्हणणेही अपुरे पडते. कारण संबंधाला अवयवांच्या यादीत जागा नसते.

मांडणीचेही तसेच. तंतूंचे थर 0, 45 आणि 90 अंशांत रचतात. ही रचना हेतुपुरस्सर असमतोल ठेवली, तर वाकवल्यावर फळी पीळही घेते. अमेरिकेच्या एक्स-29 या विमानाचे पंख पुढच्या दिशेला झुकलेले होते. असे पंख हवेच्या दाबाने पिळत जाऊन मोडण्याचा धोका असतो. कार्बन तंतूंचे थर अशा कोनांत घातले होते, की वाकताना पंख उलट पीळ घेई. 1984 मध्ये हे विमान उडाले.

कॉम्पोझिटचा भाग घडवतात कसा, हे पाहिले तर वाद आणखी गुंततो. पोलादाचा पत्रा आधी असतो, मग त्याचे दार होते. कॉम्पोझिटमध्ये पदार्थ आणि वस्तू एकाच वेळी जन्मतात. सर्वांत साधी रीत हाताने थर देण्याची: मोल्डवर मेण, त्यावर जेलकोट, मग काचेची मॅट आणि हार्डनर मिसळलेले रेझिन, आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर. नळ्या आणि टाक्यांसाठी रेझिनमध्ये भिजवलेले तंतू फिरत्या साच्यावर गुंडाळतात. सलग एकसारख्या छेदाच्या पट्ट्या तापलेल्या साच्यातून ओढून काढतात. विमानांच्या भागांसाठी आधीच रेझिन भरलेले थर, म्हणजे प्रीप्रेग, रचून निर्वात पिशवीत झाकतात आणि ऑटोक्लेव्ह या दाबभट्टीत सुमारे 120 ते 180 अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली भाजतात. तेजस विमानाच्या सांगाड्याचे वजनाने सुमारे 45 टक्के भाग कॉम्पोझिटचे आहेत.

तापवल्यावर रेझिन आधी पातळ होते, मग रेणूंमध्ये आडवे बंध पडू लागतात आणि ते गोठते. दाब द्यायचा तो गोठण्याआधीच. नंतर आत राहिलेली पोकळी कायमची. न्यायमताप्रमाणे अवयव आधी असायला हवेत, पण घट्ट रेझिन हा अवयव वस्तूच्या आधी कुठेच नव्हता. घडा भाजताना काय होते, यावर वैशेषिक आणि नैयायिक भांडले होते. वैशेषिकांच्या पीलुपाकात घडा परमाणूंपर्यंत विखुरतो आणि नव्याने जुळतो. नैयायिकांच्या पिठरपाकात घडा तसाच राहून आतबाहेर बदलतो. ऑटोक्लेव्हमध्ये दोघांना अर्धे अर्धे मिळते. बदल रेणूंच्या पातळीवर घडतो, पण आकार क्षणभरही विखुरत नाही. वैशेषिकांनी न कल्पिलेली गोष्टही घडते: सुटे रेणू जोडले जाऊन रेझिनचे एकच अखंड जाळे होते, इतके की त्याला एक प्रचंड रेणू म्हणता येते. रेझिनपुरते तरी ‘एक’ हे केवळ नाव राहत नाही.

मोडण्याची दिशा मात्र घडण्याच्या उलट जात नाही. न्यायमतात वस्त्र उसवले की अवयवीचा नाश होतो आणि सुते शिल्लक राहतात. घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. पवनचक्कीचे जुने पाते किंवा विमानाचा टाकाऊ भाग ऑक्सिजनविना तापवला, तर तंतू दुबळे होऊन परत मिळतात. रेझिनचे वायू, तेल आणि काजळी होते.