निदान आणि उपचार यांच्यामधले दिवस

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी मंदिराच्या मागील दाराशी थांबली. स्तनात कर्करोगाची गाठ असल्याचा अहवाल तिच्या हाती येऊन चारच दिवस झाले होते आणि उपचार सुरू व्हावयास अजून तीन आठवडे होते. आम्ही सवयीने म्हणालो, "बाय, देवावर श्रद्धा ठेव, सर्व काही ठीक होईल." ती म्हणाली, "फादर, श्रद्धा आहे. पण रात्री दोन वाजता जाग येते आणि हातपाय गार पडतात. मग माझी श्रद्धा खोटी का?"

आम्ही निरुत्तर झालो. भय हे अश्रद्धेचे लक्षण आहे काय, हा प्रश्न सेमिनरीत आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. तो असा दारात उभा राहिलेला पाहिला नव्हता.

हा मधला काळ मोठा विचित्र असतो. पुष्कळदा वेदना नसते, घरातली कामे नेहमीसारखी होत असतात. आणि तरीही आपण आजारी आहोत हे कळलेले असते. वास्तविक हे दिवस रिकामे नसतात. गाठीची वाढ संप्रेरकांवर अवलंबून आहे काय, तिच्यात हर-टू नावाचे प्रथिन अधिक आहे काय, रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे काय, हे पाहिल्यावरच शस्त्रक्रिया आधी की किमोथेरपी आधी, हे ठरते. बुद्धीला हे पटते. मनाला मात्र प्रत्येक दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेवर १८११ साली पॅरिसमध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. पुढे बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने शस्त्राच्या वेदनेबरोबरच आधीच्या प्रतीक्षेचेही वर्णन केले आहे. डॉक्टरांना यायला उशीर झाला आणि पट्ट्या व कापूस मांडून ठेवलेल्या खोलीत ती येरझारा घालीत राहिली. ती १८४० पर्यंत जगली. आज भूल आहे, औषधे आहेत. परंतु त्या येरझारा अजून संपलेल्या नाहीत.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूच्या देहाला अजून कोणी स्पर्शही केला नव्हता. तरीही येणाऱ्या दुःखाच्या कल्पनेने तो व्याकूळ झाला आणि तो प्याला दूर व्हावा अशी त्याने प्रार्थना केली. त्या भयाला आपण पाप म्हणत नाही. मग आमच्या भगिनीच्या भयाला कसे म्हणावे? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते धैर्य म्हणजे भयाचा अभाव नव्हे. भयामुळे चांगल्यापासून मागे न फिरणे म्हणजे धैर्य. रात्रभर जागलेली स्त्री सकाळी उठून अहवालांची फाईल घेते आणि विरार लोकलच्या गर्दीतून पुढच्या तपासणीला जाते, तेव्हा ते धैर्यच असते, मग हात थरथरत का असेनात.

आता प्रश्न उरतो तो आपला. त्या बागेत प्रभूने शिष्यांकडे उपदेश मागितला नाही. जागे राहण्याची विनंती केली, आणि ते झोपी गेले. आपणही निराळ्या रीतीने झोपतो. "रडू नकोस" म्हणतो, कोणाच्या तरी मरणाची हकीकत सांगतो, झाडपाल्याचे औषध सुचवितो. क्वचित कोणी "काय पाप घडले असेल?" असेही कुजबुजतो, जन्मांध माणसाविषयीचा तोच प्रश्न प्रभूने स्पष्टपणे नाकारला होता, याचा विसर पडतो. आजाऱ्याने हसतमुख राहावे असा आग्रह धरणे म्हणजे तिनेच आपले सांत्वन करावे अशी अपेक्षा करणे होय.

त्यापेक्षा तिच्याबरोबर इस्पितळात जावे. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न वहीत टिपून द्यावेत. नातलगांचे फोन घरातील एकानेच घ्यावेत. मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे खरे सांगावे. घरातील कुजबुजीने ती अधिक घाबरतात. झोप उडालीच असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. रुग्णाभ्यंग म्हणजे मरणाची चाहूल, असे समजून पुष्कळ कुटुंबे आम्हांला बोलावण्यास कचरतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ साली या संस्काराचा विधी नव्याने घालून देण्यात आला. तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्यापूर्वीही तो मागता येतो.

दोन दिवसांनी आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो आणि पहिल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. तिने चहा केला. ती बराच वेळ बोलली, आम्ही ऐकले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने अभ्यंग घेतला. भय गेले का, असे आम्ही विचारले नाही.

आपल्या शेजारीही अशी एखादी भगिनी तारखेची वाट पाहत असेल. तिच्याकडे जाताना आपल्याजवळ उत्तर नसले तरी चालेल. घड्याळ मात्र घरी ठेवून जावे.