वापरणाऱ्यांची मोजदाद

विंचूदंशाचं कोकणात कुणाला नवल नाही. मालवण-कुडाळकडच्या गावांत जांभ्याचे गडगे, चिरेखाणी, मांगरात रचलेली लाकडं, गवताच्या उडव्या ही लाल विंचवाची घरं, आणि माणसांचे हातपायही रोज तिथेच जातात. म्हणून १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेला तीन पानांचा शोधनिबंध मला कोकणाच्या इतिहासातला मोलाचा दस्तऐवज वाटतो. लेखक एकटेच, डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा तरुण १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आला. विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान पोरं डोळ्यांदेखत दगावताना त्याने पाहिली, आणि प्रत्येक रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या.

निबंधातली लक्षणं ओळखायला कोणतंही यंत्र लागत नव्हतं. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाची ताठरता दिसली, की विषाचा घाव हृदयावर बसणार हे समजावं. या विषाने शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्रॅझोसिन ही गोळी रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात होती, तीही स्वस्त. ती विंचूदंशावर चालते, हे बावस्करांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडलं. प्रॅझोसिनपूर्वी गंभीर दंशाच्या १०० रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत, नंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आलं, अशी त्यांची नोंद आहे. २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची महाडमधली ७० रुग्णांची चाचणी आली. गोळीबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत सावरले, नुसती गोळी दिलेल्या ३५पैकी ८. एवढी नेटकी चाचणी तालुक्याच्या गावातल्या खाजगी दवाखान्यात उभी राहिली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

विद्यापीठात मात्र संशोधनाची थोरवी विचारली की निराळे आकडे पुढे येतात. किती निबंध छापले, इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, म्हणजे सायटेशन किती, आणि एच-इंडेक्स किती. हा एच-इंडेक्स २००५मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तो २० असेल तर त्या माणसाचे किमान २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेखले गेले, असा अर्थ. त्याआधी, १९५५मध्ये, युजीन गारफिल्ड यांनी संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली, ती एका विषयावरचे निबंध अभ्यासकाला शोधता यावेत म्हणून. वाट शोधण्यासाठी केलेल्या साधनाने पुढे माणसं तोलली जाऊ लागली, आणि तिथेच गणित बिघडलं.

संदर्भ देतो कोण? ज्याला स्वतः निबंध लिहायचा आहे तो. कर्करोगावर किंवा मधुमेहावर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात, म्हणून त्या विषयांत संदर्भ भराभर साठतात. लाल विंचवावर लिहिणारे मूठभर. आणि बावस्करांच्या निबंधाचा खरा वाचक आहे रात्री दोन वाजता आरोग्य केंद्रात एकटा असलेला वैद्यकीय अधिकारी. तो निबंध वाचतो किंवा वरिष्ठांकडून ऐकतो, गोळी देतो, मूल वाचतं. तो कुठेही काही लिहीत नाही. गरिबांच्या आजारावरच्या संशोधनाचा आकडा जन्मभर लहानच राहावा, अशीच या मोजणीची घडण आहे.

दुसरी गंमत अशी, की ज्ञान पुरतं मुरलं की त्याचा संदर्भ देणंच थांबतं. १९५२मध्ये मुंबईचे डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची छोटीशी नोंद छापली. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटतं, पण या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. आज रक्तपेढीतला तंत्रज्ञ हे नाव सहज उच्चारतो. भेंड्यांचा निबंध किती जण उघडतात?

या आकड्यांना बढती जोडल्यावर काय झालं, तेही आपण पाहिलं. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकं देशभर उगवली. मे २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. त्यांत छापलेल्या निबंधांवर पगारवाढी मिळाल्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. संदर्भांची मोजणी पूर्ण निकामी आहे, असं मी म्हणत नाही. एकाच विषयातल्या दोन समवयस्कांची तुलना करताना ती उपयोगी पडते. तिच्यावर नेमणूक ठरवणं हा मात्र परीक्षकांचा आळस आहे. निबंध वाचण्याचे कष्ट टाळले जातात, एवढंच.

हे मी सिंधुदुर्गाबद्दल लिहितो, कारण इथे काम पडून आहे. २०१६मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप आला. या तापाचा विषाणू १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला होता. गोचिडीतून पसरणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात, बागेत माणसं वाकलेली असताना गाठतो. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलात लेप्टोची भीती असतेच. हे विषय बोस्टनमधल्या कुणी हाती घ्यावेत, अशी वाट आपण का पाहायची? ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अध्यापकाला बढती देताना त्याचे तीन उत्तम निबंध परीक्षकांनी स्वतः वाचावेत. त्याच्या कामामुळे जिल्ह्यातल्या किती आरोग्य केंद्रांत उपचाराची पद्धत बदलली, हे तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारावं. हे अवघड नाही, फक्त ओरोसहून दोडामार्गपर्यंत गाडी न्यावी लागेल.

वाचकांनाही एक विनंती. विंचू उतरवणाऱ्याकडे जाण्यात मोलाचे तास घालवू नका. आणि आजच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रॅझोसिनची गोळी आणि विंचवाचं प्रतिविष शिल्लक आहे का, ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत लेखी मागणी करा.